उघड्या टपाची फियाट: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाला प्रीमियर ११८एनई बद्दल उत्तर देताना मी एक ओळ लिहिली होती, की या गाडीची एक इटालियन चुलत बहीण आहे, दोन दारांची, उघड्या टपाची, फियाट १२४ स्पायडर नावाची, आणि दोघींना शेजारी उभं केलं तर कुणाला नातं सांगूनही पटणार नाही. त्या एका ओळीवर इतके मेल आणि मेसेज आलेत की या वेळी मायलेज, इन्शुरन्स, सेकंडहँड स्विफ्ट घेऊ का डिझायर, हे सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर टाकले आणि अख्खं पान स्पायडरला दिलं. मला ही गाडी फार आवडते त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, वाचून घ्या.

"माझ्याकडे बरीच वर्षं ११८एनई होती. चौकोनी गाडी, मोठी डिकी, घरच्यांना आरामशीर. तिचा आणि स्पोर्ट्स कारचा काय संबंध? उगाच जोडताय का?" (पंचवटी, निवृत्त वाचक)

नाही काका, उगाच नाही. तुमची ११८एनई आपल्याकडे १९८५ मध्ये आली, पण तिची बॉडी आणि सांगाडा मुळात फियाट १२४ चा, म्हणजे १९६६ च्या गाडीचा. इंजिन मात्र फियाटचं नव्हतं, ते निसानचं ११७१ सीसीचं. फियाट १२४ ही इटलीत मध्यमवर्गासाठी काढलेली गाडी होती, चार दारं, चौकोनी, वजनाला हलकी, आणि त्या काळात तेवढ्या किमतीच्या गाडीत फार थोड्या कंपन्या देत होत्या ते हिच्यात होतं, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि मागे पट्ट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. १९६७ ची युरोपियन कार ऑफ द इयर हीच. स्पेनमध्ये ती सियाट म्हणून निघाली, तुर्कस्तानात मुरात, आणि रशियात लाडा, जी आपले अवतार बदलत २०१२ पर्यंत बनत राहिली, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर.

आता फियाटवाल्यांनी काय केलं, या घरगुती गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४२० मिलिमीटर होतं ते कापून २२८० वर आणलं, वरती पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीकडून दोन दारांची उघडी बॉडी करून घेतली, आत नवीन इंजिन टाकलं आणि नोव्हेंबर १९६६ च्या तुरिन मोटर शोमध्ये गाडी उभी केली. त्याच शोमध्ये फियाटनं फेरारीचं व्ही-सिक्स इंजिन घातलेली डिनो स्पायडर पण दाखवली होती, ती श्रीमंतांसाठी. १२४ स्पायडर बँकेतल्या क्लार्कनं, शाळेतल्या मास्तरानं पैसे साठवून घ्यावी अशी. सस्पेन्शनची मांडणी बरीचशी घरगुती १२४ चीच, त्यामुळे दुरुस्तीला कोपऱ्यावरचा फियाटचा मेकॅनिक चालायचा. मला या गाडीचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं काका, की स्पोर्ट्स कार म्हणजे काहीतरी वेगळ्या ग्रहावरची वस्तू असं न मानता त्यांनी रोजच्या गाडीतूनच ती काढली आणि काढताना कुठेही हात आखडला नाही. १९६६ ते १९८५ मध्ये जवळपास दोन लाख गाड्या बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या.

"सगळीकडे वाचतो की हिचं इंजिन ट्विन कॅम होतं. पण ट्विन कॅम तर आज स्विफ्टमध्येपण आहे, मग त्यात एवढं काय?" (गंगापूर रोड, मेकॅनिकल तिसरं वर्ष)

मित्रा, प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर असं की आज स्विफ्टमध्ये आहे त्याचं बरंचसं श्रेय याच इंजिनाकडे जातं.

त्या काळात साध्या गाड्यांमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडवणारा फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये असायचा, तिथून लांब दांडे वर जाऊन रॉकर हलवायचे आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडायचे. पद्मिनी तशीच, ॲम्बेसेडर तशीच. जास्त आरपीएमला ही सगळी दांड्यांची फौज मागे पडायला लागते. दोन कॅमशाफ्ट थेट हेडवर बसवले, एक इनटेकला एक एक्झॉस्टला, की मधलं सगळं वजन जातं, इंजिन मोकळेपणानं वर फिरतं, व्हॉल्व्ह तिरपे लावता येतात, हवा एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर. हे सगळ्यांना माहीत होतं, रेसिंगमध्ये कित्येक वर्षं वापरात होतं, अल्फा रोमिओ रस्त्यावरच्या गाडीतही देत होती. पण तिथे कॅम फिरवायला साखळी असते, साखळी महाग, आवाज करते, तिला तेल लागतं.

इथे ऑरेलिओ लाम्प्रेदी हा माणूस येतो. हा आधी फेरारीत होता. १९५१ ला सिल्व्हरस्टोनला फेरारीनं फॉर्म्युला वनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधली पहिली रेस जिंकली ती याच्या साडेचार लिटरच्या व्ही-ट्वेल्व्हवर, आणि १९५२-५३ मध्ये अस्कारीनं लागोपाठ दोन वर्ल्ड टायटल मारली ती याच्याच चार सिलिंडरच्या इंजिनावर. असा माणूस १९५५ मध्ये फियाटला आला आणि साध्या लोकांच्या गाड्यांची इंजिनं करायला लागला! १२४ सलूनचा, म्हणजे चार दारांच्या घरगुती गाडीचा, ओतीव लोखंडाचा ब्लॉक त्यानं घेतला, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, दोन कॅम, आणि ते फिरवायला आतून मजबुती दिलेला दातेरी रबरी पट्टा. रबरी पट्ट्याचा प्रयोग त्याआधी जर्मनीत ग्लास कंपनीनं १९६२ मध्ये केला होता पण एकाच कॅमवर. दोन कॅमला पट्टा लावून मोठ्या संख्येनं इंजिनं काढली ती फियाटनं. स्वस्त, शांत, हलका. सलूनचं ११९७ सीसीचं इंजिन साधारण ६० एचपी द्यायचं, स्पायडरचं १४३८ सीसीचं ९० एचपी.

आणि तू मेकॅनिकलचा आहेस म्हणून एक बारीक गोष्ट सांगतो जी लोक सांगत नाहीत. ट्विन कॅममध्ये टॅपेट सेटिंग, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवणं, ही डोकेदुखी, कारण फट जुळवणारी चकती, म्हणजे शिम, व्हॉल्व्हवरच्या वाटीच्या, म्हणजे बकेटच्या, खाली असते, बदलायला कॅमशाफ्ट उचलावा लागतो, म्हणजे टायमिंग परत लावा. लाम्प्रेदीनं शिम बकेटच्या वर ठेवली, बकेट खास टूलनं खाली दाबायचं, शिम काढायची, दुसऱ्या जाडीची टाकायची, कॅमशाफ्ट जागच्या जागी. झालं. रेसिंगमधून आलेल्या माणसानं गल्लीतल्या मेकॅनिकचा विचार केला, याला मी खरं इंजिनिअरिंग म्हणतो.

हेच इंजिन मग वाढत गेलं, १६०८, १५९२, १७५६, १९९५ सीसी. त्याच घराण्यातली इंजिनं पुढे फियाट १३१ अबार्थ, लान्चिया ०३७ आणि लान्चिया डेल्टा या गाड्यांत गेली आणि १९७७ ते १९९२ च्या दरम्यान वर्ल्ड रॅलीची दहा मॅन्युफॅक्चरर टायटल घेऊन आली. कॉलेजच्या लायब्ररीत या इंजिनाचं कटअवे, म्हणजे कापून आतलं दाखवणारं, चित्र मिळालं तर तासभर बघत बस, कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त कळेल.

"मला गाड्यांमधलं काही कळत नाही पण फोटो बघितला आणि नजर हटेना. मी इंटिरियरचं काम करते, म्हणून विचारते, ही एवढी सुंदर का दिसते?" (इंदिरानगर)

ताई, तुमच्यासारख्या माणसाला सांगायला मजा येईल. डिझाइन पिनिनफरिनाचं, आणि त्यातही टॉम चार्डा नावाच्या डिझायनरचं, जो मूळचा अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा आणि इटलीत येऊन स्थायिक झालेला. त्यानं १९६३ च्या पॅरिस शोसाठी कॉर्व्हेटच्या चॅसीवर रोन्दिने नावाची एक शो कार केली होती, तिचा मागचा भाग, ते हलके वर उचललेले कोपरे, स्पायडरमध्ये परत दिसतात.

फोटो परत उघडा आणि कडेनं बघा. पुढच्या दिव्यापासून निघालेली रेषा दारापर्यंत येते तिथे हलकीशी खाली बसते आणि मागच्या चाकावर पुन्हा उठते, कुठेही चिकटवलेली क्रोमची पट्टी नाही, सगळं काम पत्र्याच्या वळणानं केलंय. दिवे किंचित आत घेतलेत, वर पत्र्याची भुवई येते त्यामुळे चेहऱ्याला भाव आहे. १६०८ चं इंजिन आलं तेव्हा बॉनेटवर दोन उंचवटे आले, ते मला अजून छान वाटतात पण यावर भांडणारे लोक आहेत.

आत लाकडी डॅशबोर्ड, समोर गोल गोल मीटर, आणि टप! टपाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पाऊस आला की खाली उतरून दांडे जोडा, कापड ताणा, बटणं लावा, तोवर माणूस भिजलेला. स्पायडरमध्ये ड्रायव्हरनं सीटवर बसल्या बसल्या एका हातानं टप ओढून घ्यायचा, दोन कड्या लावायच्या, काम संपलं. मागच्या छोट्या तिरक्या काचा टपाबरोबरच दुमडून आत जातात, म्हणून टप बंद असतानाही आत अंधारी गुहा होत नाही. १९६६ चं आहे हे.

आणि एक आपल्या गावाशी जोडलेली गोष्ट. ज्या पिनिनफरिनानं ही बॉडी नुसती काढली नाही तर तुरिनजवळच्या ग्रुल्यास्कोच्या कारखान्यात बनवलीसुद्धा, ती कंपनी डिसेंबर २०१५ च्या करारानं महिंद्रा ग्रुपकडे आली. सातपूरला रोज शिफ्टला जाणारे आपले कितीतरी लोक आज त्याच ग्रुपचे आहेत. मला हे वाचलं तेव्हा भारी अभिमान वाटला होता, अजून वाटतो.

"अल्फा रोमिओ स्पायडर जास्त फेमस आहे ना? मग फियाटचं कौतुक का? आणि एमजी?" (कॉलेज रोड)

फेमस आहेच. अल्फाची स्पायडर मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाला आली, फियाटच्या आधी आठ महिने, डिझाइन तिचंपण पिनिनफरिनाचं, आणि कंपनीचे संस्थापक बातिस्ता पिनिनफरिना एप्रिल १९६६ मध्ये गेले त्यामुळे त्यांच्या देखरेखीखालची ती शेवटची गाडी मानतात. १५७० सीसी ट्विन कॅम, पाच गिअर, चार डिस्क, आणि गोलाकार निमुळती मागची बाजू. १९९३ पर्यंत बनली. हॉलिवूडमुळे जगभर पोचली. अल्फाचं इंजिन जास्त आर्त गातं हे मी मान्य करतो, पण फियाटचा टप सोपा, मागे लहान मुलं बसतील एवढी जागा, आणि पैसे कमी लागायचे.

एमजीबी १९६२ ची, दांड्यांचं इंजिन, चार गिअर, मागे ड्रम ब्रेक. प्रेमळ गाडी आहे पण १९६६ च्या इटालियन गाड्यांसमोर ती मागच्या पिढीतली वाटते.

"ही रॅलीला चालली का कधी?" (सातपूर एमआयडीसी)

चालली आणि जिंकली. १९७२ मध्ये अबार्थनं, म्हणजे फियाटच्या रेसिंगवाल्या कंपनीनं, खास आवृत्ती काढली, १७५६ सीसी, रस्त्यावरच्या गाडीला १२८ एचपी, दारं ॲल्युमिनियमची, बॉनेट आणि डिकीचं झाकण फायबरचं, वर पक्का हार्डटॉप आणि मागचा सरळ ॲक्सल काढून स्वतंत्र सस्पेन्शन. साधारण हजारेक बनल्या. युरोपियन रॅली चॅम्पियनशिप १९७२ ला राफाएले पिंतोनं १२४ स्पायडरवर आणि १९७५ ला माउरित्सिओ वेरिनीनं या अबार्थवर घेतली. १९७४ च्या पोर्तुगाल रॅलीत पहिले तिन्ही नंबर १२४ अबार्थचे. नाशिककरांना रॅलीची धूळ नवीन नाही, त्यामुळे खडी-मातीच्या रस्त्यावर उघड्या टपाच्या गाडीचं रूप असं टिकणं म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

"बिझनेस बरा चाललाय, मुलगी शिकून नोकरीला लागली, आता स्वतःसाठी एक जुनी स्पायडर घ्यावी म्हणतो. कुठल्या वर्षाची घेऊ, काय बघू, आरटीओचं काय?" (अंबड)

साहेब, आधी मनापासून शुभेच्छा, आणि आता जरा सावकाश वाचा.

वर्ष. १९६९-७० च्या सुमाराला आलेली १६०८ सीसीची, दोन वेबर कार्ब्युरेटरची, ११० एचपीची गाडी मला सगळ्यात आवडते, बंपर बारीक, इंजिन तिखट. १९७५ पासून अमेरिकन नियमांमुळे मोठे जाड बंपर आले आणि प्रदूषणाच्या नियमांनी ताकद खाल्ली, सुरुवातीच्या १९९५ सीसीच्या गाडीला इंजिन मोठं असूनही घोडे कमी होते. १९८० ला बॉशचं एल-जेट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हा १०२ एचपी झाली आणि स्टार्टिंगचा त्रास गेला. म्हणजे थंडीच्या सकाळी एका सेल्फला चालू होणारी हवी असेल तर १९८० नंतरची, जीव ओतून चालवायला हवी असेल तर १६०८.

पण नंबर प्लेटचं गणित वयावर आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनला पन्नास वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज धरतात, तिला व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, नव्या रजिस्ट्रेशनला २०,००० रुपये फी, मुदत दहा वर्षं. मात्र ती रोज ऑफिसला न्यायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्याचसाठी रस्त्यावर. हे मान्य असेल तरच पुढे जा. परदेशातून आणायची असेल तर इंपोर्टचे नियम आणि ड्युटी बदलत असतात, ॲडव्हान्स पाठवायच्या आधी कस्टमच्या एजंटकडून त्या दिवशीचा नियम लेखी घ्या, विकणाऱ्याच्या तोंडी बोलण्यावर एक रुपयाही पाठवू नका.

स्टिअरिंग डावीकडे असेल हे धरूनच चला, फॅक्टरीनं उजव्या स्टिअरिंगची बनवलीच नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे डाव्या स्टिअरिंगची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायला चालू स्थितीतलं सिग्नल देणारं उपकरण लागतं, तर इंडिकेटरची वायरिंग पहिल्या दिवशी नीट करून घ्या. ओव्हरटेक करताना डावीकडे बसून समोरचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी भरवशाचं माणूस हवं, मुलीला शिकवा.

आता बघायचं काय. पत्रा, पत्रा आणि पत्रा. इंजिन उघडून नवं करता येतं, सडलेली बॉडी पैसे गिळते. मॅट उचलून तळाचा पत्रा बघा, दारांखालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीत स्पेअर व्हीलची जागा, आणि बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टॉवर, तिथे गंज असेल तर मागे फिरा, रंग कितीही चमकत असू दे. खिशात लोहचुंबक ठेवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. ॲल्युमिनियम हेड म्हणून गाडी तापलेली आहे का हे रेडिएटर आणि तेल बघून ताडून घ्या, ऑइल कॅपच्या आत दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. दुसऱ्या गिअरला टाकताना खरखर आली तर सिंक्रोनायझर झिजलाय, गिअरबॉक्स खोलायचा खर्च किमतीतून वजा करा. गाडी आली की पहिलं काम टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर बदलणं, किलोमीटर कितीही कमी दिसू दे, कारण रबर उभ्या गाडीतपण वाळतं, आणि पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकू शकतात. सुटे भाग अमेरिका आणि युरोपातून अजून मिळतात, हे या गाडीचं मोठं भाग्य.

आणि पावसाळ्यात ती शेडमध्ये, कोरड्या जागी, कव्हरला हवा खेळेल अशी. नाशिक शहरात पाऊस बेताचा पण इगतपुरीकडे निघालात तर चार महिन्यांत पत्र्याचं वाटोळं होईल.

"२०१६ ला नवी १२४ स्पायडर आली होती, ती तीच का?" (नाशिकरोड)

नाही. ती माझ्दाच्या एमएक्स-५ वर आधारलेली आणि जपानमध्ये हिरोशिमाच्या कारखान्यात बनलेली, इंजिन फियाटचं १.४ लिटर टर्बो. चांगली गाडी होती, पुढच्या चेहऱ्यात आणि बॉनेटच्या दोन उंचवट्यांत जुनीची आठवण मुद्दाम ठेवलेली. आपल्याकडे विकायला आलीच नाही.

"समजा मिळालीच, तर नाशिकमध्ये ती चालवायची कुठे? द्वारकेच्या चौकात?" (सिडको)

द्वारका नको, कसारा घाटपण नको, कंटेनरच्या मागे उघड्या गाडीत बसून डिझेलचा धूर खाण्यात काही अर्थ नाही. दिंडोरी, वणी करत सापुताऱ्याचा रस्ता घ्या, आधी द्राक्षबागांमधला सरळ पट्टा जिथे पाचवा गिअर पडतो, मग सापुताऱ्याची चढण, तिथे तिसऱ्यात ठेवा आणि साडेतीन-चार हजार आरपीएमच्या वर इंजिन काय बोलतं ते ऐका. वेळ कमी असेल तर गंगापूर धरणावरून गिरणारे आणि परत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघा, टप उघडा, काचा वर, हीटर चालू, कानटोपी घाला. नऊच्या आत परत फिरा कारण त्यानंतर रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पिकअप सुरू होतात, आणि ऊन चढलं की उघड्या गाडीत डोकं तापतं.